ब्रूट केकबरोबर नको, बोंबलाबरोबर उघडा

माझ्या पुतणीचा साखरपुडा परळच्या एका हॉलमध्ये झाला. होणाऱ्या जावयाच्या मित्रांनी हौसेने स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या, वाइनच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. दोन्ही ब्रूट, म्हणजे बिनगोड. केक कापला, सगळ्यांच्या तोंडात क्रीमचा एकेक घास गेला आणि त्यावर लगेच वाइनचा घोट. वहिनीने तोंड वाकडं केलं आणि हळूच मला म्हणाली, "भावजी, ही आंबलीये का हो?"

आंबली नव्हती, बाटली उत्तम होती. दुसरी न उघडता उरली, ती मी लालबागला घरी आणली आणि रविवारी दादा-वहिनीला जेवायला बोलावलं. बायकोने बोंबील तळले. तीच वाइन आणि तीच वहिनी. पहिला बोंबील संपायच्या आत तिने रिकामा ग्लास पुढे केला.

मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या बँक्वेटमध्ये ३२ वर्षं नोकरी केली. १९८७ साली वेटर म्हणून लागलो, कॅप्टन म्हणून निवृत्त झालो. लग्नं, वाढदिवस, कंपन्यांच्या पार्ट्या, सगळीकडे ही वाइन केकच्या शेजारी उभी असायची. कार्यक्रम आटोपला की अर्धे भरलेले ग्लास ट्रेमधून परत यायचे आणि आम्ही ते सिंकमध्ये ओतायचो. चांगली वाइन अशी वाया जाताना मला बघवायचं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

केकबरोबर ती वाईट का लागते हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. जिलबी खाऊन लगेच चहा प्यायला की तोच चहा बिनसाखरेचा लागतो. ब्रूटमध्ये तर मुळातच साखर नावाला असते. जीभ क्रीमच्या गोडाला सरावलेली असली की वाइनमधला फळाचा स्वाद मागे पडतो आणि नुसता आंबटपणा पुढे येतो. मिठाचं उलटं आहे. कैरीच्या फोडीला मीठ लावलं की तीच कैरी कमी आंबट लागते ना? तसंच खारट घासानंतर ही वाइन मऊ लागते, तिच्यातलं सफरचंद, लिंबाची साल, पावाच्या भट्टीसारखा वास हे सगळं वर येतं. आणि तळणीचं तेल जिभेवर बसलेलं असतं, ते बुडबुडे आणि आंबटपणा मिळून धुऊन काढतात. वड्यावर सोडा प्यायला की तोंड मोकळं होतं, तोच प्रकार.

मग केकची चाल पडली कशी? एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधली शॅम्पेन बहुतेक गोड असायची आणि जेवणाच्या शेवटी, गोडाबरोबर घेतली जायची. पुढे लोकांची आवड बदलली, वाइन बिनगोड होत गेली. गोडाची सोबत मात्र तशीच राहिली.

बाटली घेताना

लेबलवर नजर टाका आणि ब्रूट हा शब्द शोधा. युरोपच्या नियमाप्रमाणे ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. एक्स्ट्रा ब्रूटमध्ये ६ पर्यंत, ब्रूट नेचरमध्ये ३ पेक्षा कमी. खरा घोळ 'एक्स्ट्रा ड्राय' या शब्दाने होतो. नाव ऐकून वाटतं की ही सगळ्यात कमी गोड असणार, पण तिच्यात १२ ते १७ ग्रॅम साखर असते, म्हणजे ब्रूटपेक्षा जास्त. दुकानदारही कधी कधी बिनगोड म्हणून हीच हातात देतात. डेमी-सेक लिहिलेली बाटली तर ३२ ते ५० ग्रॅमची असते. केक खायचाच असेल तर ती घ्या, तिथे ती शोभते.

दुसरी गोष्ट बुडबुड्यांची. शॅम्पेन हे फ्रान्समधल्या त्या प्रदेशाचं नाव आहे, तिथली वाइन तेवढी शॅम्पेन. तिथे तयार वाइनमध्ये यीस्ट आणि थोडी साखर घालून बाटली बंद करतात. आतल्या आत ती पुन्हा आंबते, वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो वाइनमध्ये विरघळतो. मेलेलं यीस्ट महिनोन्महिने तळाशी पडून राहतं आणि त्यातूनच तो भाजलेल्या पावाचा वास येतो. शेवटी बाटली उलटी करत करत सगळा गाळ मानेशी आणतात, काढून टाकतात आणि नवा कॉर्क बसवतात. स्पेनची कावा याच पद्धतीची. इटलीच्या प्रोसेकोत दुसऱ्यांदा आंबवायचं काम बहुधा मोठ्या बंद टाकीत होतं, त्यामुळे ती हलकी, फुलांच्या-नासपतीच्या वासाची असते. चिवडा आणि खाऱ्या काजूंना प्रोसेको चालते. मासळीला मात्र मला बाटलीत आंबलेलीच लागते, कारण तळलेल्या पिठाच्या खमंगपणाला तो पावाचा वास जुळतो.

आपल्याकडची घ्यायलाही बिलकूल कचरू नका. मी नोकरीला लागलो तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावची ओमर खय्याम आमच्या बारमध्ये होती. शाम चौगुल्यांनी १९८०च्या दशकात ती बनवली आणि परदेशातही पाठवली. नारायणगावच्या द्राक्षांची वाइन मी पांढरे हातमोजे घालून परदेशी पाहुण्यांना वाढत होतो, याचा मला केवढा अभिमान वाटायचा. आता हे काम नाशिक भागात चालतं. सुला आहे, यॉर्क आहे, ग्रोवर झांपा आहे, आणि २०१३ साली फ्रान्सच्या शॅम्पेनवाल्यांनीच शॅन्डॉन नावाने इथली वाइन आणली होती. यात शेनिन ब्लाँ हे द्राक्ष बरंच वापरतात. मूळचं फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं, पण नाशिकच्या मातीत छान रुजलंय आणि त्याचा आंबटपणा टिकतो. घरच्या तळणीला नाशिकची ब्रूट पुरते, महागडी शॅम्पेन त्यासाठी फोडायची गरज नाही.

घेताना बाटली दुकानाच्या काचेत उन्हात उभी होती का, एवढं मात्र बघा. मुंबईच्या मे महिन्यात महिनाभर काचेत उभी राहिलेली वाइन मी घेत नाही, आतली मागवतो. आणि कार्यक्रम २ ऑक्टोबरला किंवा आषाढीला लागून असेल तर दोन दिवस आधीच आणून ठेवा, त्या दिवशी दुकानं बंद.

थंड करणं आणि उघडणं

पार्ट्यांमध्ये जे बिघडतं त्यातलं निम्मं इथे बिघडतं. वाइन ६ ते ८ अंशांवर हवी. फ्रिजमध्ये तीन-चार तास आडवी ठेवा, दारात नको. वेळ नसेल तर स्टीलच्या बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर जाडं मीठ घाला आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फात बाटली नीट थंड होत नाही, कारण खड्यांच्या मध्ये हवा राहते. पाणी सगळ्या बाजूंनी चिकटतं. फ्रीझरमध्ये टाकून विसरलात तर बाटली फुटू शकते.

बाटलीत ५ ते ६ वातावरणांचा दाब असतो, गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या दुप्पट-तिप्पट. वाइन कोमट असली की हा दाब आणखी वाढतो. आमच्याकडे एकदा ऐन वेळी बर्फ कमी पडला आणि नव्या पोराने तशीच कोमट बाटली उघडली. तार सैल करताच कॉर्क सुटला आणि छताचा दिवा फुटला, काचा थेट वधूच्या मावशीच्या ताटात. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या मुलाला पहिलं वाक्य हेच सांगितलं: तार सुटली की अंगठा कॉर्कवरून हलवायचा नाही.

आधी वरचा कागद काढा. एका हाताचा अंगठा कॉर्कवर ठेवून तारेची कडी उलगडा, सहा अर्धे फेरे फिरवले की ती सुटते. तार काढून बाजूला ठेवू नका, कॉर्कसकट धरा. वरून फडकं टाका. बाटली तिरकी करा, तोंड भिंतीकडे, माणसांकडे नाही. आता कॉर्क घट्ट धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने बाटली बुडाकडून फिरवा. कॉर्क स्वतःच वर यायला बघेल, तुम्ही त्याला दाबून धरा आणि हळूहळू येऊ द्या. फटाका वाजायला नको, फक्त सुस्कारा ऐकू यायला हवा. फेस उडवला की वायू जातो, आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच बाहेर सांडतं.

ग्लास उंच आणि थोडा पोटाचा असला तर उत्तम, नाहीतर साधा व्हाइट वाइनचा चालेल. पसरट बशीसारखे जुने ग्लास दिसायला सुंदर, पण त्यात बुडबुडे लवकर मरतात. ग्लास गरम पाण्याने धुवा, साबणाचा अंश राहिला की फेस धरत नाही. मग सुती फडक्याने पुसा. बुडबुडे उठतात ते काचेवरच्या अगदी बारीक तंतूंपासून, त्यामुळे फडक्याचा एखादा धागा राहिला तर बिघडत नाही. ओतताना आधी दोन बोटं ओता, फेस बसू द्या, मग दोन तृतीयांश भरा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १२५ मिलिलिटरचे सहा ग्लास होतात. साधारण १२ टक्के अल्कोहोल असतं, गाडी चालवणाऱ्याने हात लावू नये.

ताटात काय

पहिला मान बोंबलाचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमा झाली की ओले बोंबील भरपूर यायला लागतात, तो काळ साधा. मी पहाटे भाऊच्या धक्क्यावर जातो. बोंबील चकचकीत, गुलाबीसर आणि ताठ हवा. पिवळट पडलेला आणि हातात लोंबणारा घेऊ नका. मासे विकणाऱ्या मावशीकडूनच डोकं काढून, पोट साफ करून, मधून चिरून घ्या.

घरी आल्यावर मीठ लावून फडक्यात गुंडाळा आणि वर पाटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं तासभर ठेवा. बोंबलात पाणीच पाणी असतं, ते निघाल्याशिवाय कुरकुरीत होत नाही. मग आलं-लसूण, हळद आणि तिखट. इथे वाइनसाठी एक बदल करायचा: तिखट नेहमीच्या निम्मं घाला, आणि चिंच किंवा आगळ, म्हणजे कोकमाचा रस, अजिबात नको. आंबटपणा आणायचं काम वाइन करणार आहे. ताटातला आंबट वाइनपेक्षा जास्त झाला की वाइन पाण्यासारखी लागते. तांदळाचं पीठ आणि बारीक रवा समसमान मिसळून त्यात घोळवा आणि बिडाच्या तव्यावर तळा. तव्यावरून काढल्याबरोबर वर चिमूटभर मीठ. पहिला घास, मग घोट, मग पुन्हा घास. हॉटेलात मी वर्षानुवर्षं स्मोक्ड सॅमनचे तुकडे या वाइनबरोबर फिरवले. ते चांगलंच लागतं. पण कुरकुरीत कवच आणि आत लोण्यासारखा बोंबील यांच्यासमोर मला ते फिकं वाटतं.

रेड वाइन मासळीबरोबर का नको, हेही विचारतात लोक. रेडमध्ये बऱ्याचदा लोहाचं प्रमाण जास्त असतं आणि त्याने तोंडात माशाचा उग्र वास मागे राहतो. ब्रूटने तो त्रास सहसा होत नाही.

कालवं, म्हणजे ऑयस्टर, मिळाली तर सोडू नका. फ्रान्समध्ये ती कच्ची खातात, आपल्या किनाऱ्याची तशी खाऊ नयेत. रव्यात घोळवून तळा. सुरमईची तुकडी, पापलेट, कोळंबी, सगळं याच रीतीने. पण मालवणी मसाल्याचं कालवण पुढे आलं की ग्लास बाजूला ठेवा. मिरचीची आग, अल्कोहोल आणि बुडबुडे एकत्र आले की जीभ भाजते आणि वाइनही कळत नाही, कालवणही कळत नाही. मी स्वतः मालवणी आहे, कालवणावर जीव आहे, म्हणून सांगतो: त्याला सोलकढीच हवी. आधी तळलेलं आणि वाइन, मग वाइन संपवून भात-कालवण, असा क्रम आमच्या घरी ठरलाय.

शाकाहारी मंडळींना कमी पडेल असं समजू नका. साबुदाणा वडा या वाइनचा फार चांगला सोबती आहे. आत बटाटा आणि दाण्याचं कूट, बाहेर कुरकुरीत, बेताची मिरची. उपासाच्या दिवशी अर्थातच नाही, एरवी करा. चटणी दाण्याची किंवा दह्याची, साखर न घालता. कोथिंबीर वडी वाफवून तळलेली, त्यावर तीळ, हीसुद्धा सुरेख, कारण कोथिंबिरीचा हिरवा वास शेनिन ब्लाँच्या वासाला धरून जातो. अळूवडीत चिंच-गूळ असतो. गूळ अगदी कमी केला तर जमतं, नाहीतर केकसारखीच गत. बटाटेवडा चालतो, पण लसणाची लाल चटणी फार लावू नका. कांदाभजी पावसात, खिडकीत बसून. शेवपुरी आणि भेळ मी बऱ्याचदा करून पाहिली. गोड चटणी घातली की वाइन हरते. चटणी वगळून नुसत्या पुरीवर बटाटा, शेव, कोथिंबीर आणि वर खारट चीज किसून घातलं तर पोरं ताट रिकामं करतात.

आणि काही करायला वेळच नसेल तर? आमच्या लालबागच्या चिवडा गल्लीतून पातळ पोह्यांचा चिवडा आणा. साखर न घातलेला मागा, चव घेऊन मगच घ्या. सोबत भावनगरी गाठिया, खारे काजू, तळलेले पापड. दहा मिनिटांत बैठक तयार.

पुरणपोळी, मोदक, श्रीखंड, गुलाबजाम यांच्याजवळ ब्रूट नेऊ नका. कार्यक्रमात केक असलाच तर क्रम उलटा करा: लोक आले की आधी ग्लास आणि वडे, मग भाषणं-फोटो, आणि केक अगदी शेवटी, वाइन संपल्यावर. पुतणीच्या लग्नात आम्ही तसंच केलं. स्वागतालाच कोथिंबीर वडी आणि छोटे साबुदाणा वडे ठेवले, आणि ट्रे रिकामे परत आले. वाढणाऱ्या मुलांना मी मुद्दाम विचारलं, सिंकमध्ये किती ओतलं? म्हणाले, "काका, काहीच नाही."

बाटली उरली तर तोंडात चमचा अडकवून फ्रिजमध्ये ठेवायची पद्धत आहे, तिचा काही उपयोग होत नाही. स्पार्कलिंगसाठी पकडीचं बूच मिळतं, ते लावा, दोन दिवस बुडबुडे बरे राहतात. त्यानंतर बुडबुडे सगळे गेले तरी वाइन फेकू नका. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणा, वाळू जाईपर्यंत मिठाच्या पाण्यात ठेवून चांगल्या धुवा, उघड्या राहिलेल्या काढून टाका. कढईत थोड्या तेलावर ठेचलेला लसूण परतून त्यात तिसऱ्या घाला, वर वाटीभर उरलेली ब्रूट ओता आणि मोठ्या आचेवर झाकण ठेवा. पाच मिनिटांत शिंपले उघडतात, जे उघडणार नाहीत ते टाकून द्या. वरून कोथिंबीर आणि बोटभर लोणी. तळाला उरलेल्या रसात बुडवायला खालच्या बेकरीतून ताजा पाव आणायला मात्र विसरू नका.